उष्णतेला वाट हवी

तंजावर आणि कुंभकोणम् यांच्या दरम्यान, कावेरीच्या सुपीक त्रिभुजप्रदेशात, पापनाशम हे तालुक्याचे गाव आहे. ताम्रपर्णीच्या काठी, तिरुनेलवेलीच्या बाजूला, याच नावाचे दुसरे एक ठिकाण आहे, ते वेगळे. तंजावरच्या पापनाशमलगत तिरुप्पालैत्तुरै येथे पालैवननाथाचे प्राचीन शिवालय असून त्याच्या परिसरात विटांनी बांधलेले, गोल घेराचे आणि वर निमुळते होत गेलेले एक कोठार उभे आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, तंजावरच्या नायक राजांच्या अमदानीत, ते बांधले गेले. सुमारे ३००० कलम भात त्यात मावत असे. कलम हे तमिळ देशातील धान्याचे जुने माप होय.

पुढे १६७६ च्या सुमारास शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावरास भोसल्यांची गादी स्थापन केली आणि १८५५ पर्यंत त्या प्रदेशात मराठी ही दरबाराची एक भाषा राहिली. त्या काळी तिकडे गेलेल्या घराण्यांचे वंशज आजही तंजावर-कुंभकोणम् भागात आहेत आणि घरात आपल्या वळणाची मराठी बोलतात. या मुलखात जो जो नांदला, नायक असो वा भोसले, तमिळ असो वा मराठी, त्याच्यापुढे एक प्रश्न सारखाच होता. कावेरी अन्न पुष्कळ देई. परंतु ते टिकवावे कसे?

भाताचे उत्तर त्या कोठाराने दिले होते. भाताचा वैरी ओल. जाड भिंत, गोल आकार आणि कोरडी पोकळी यांच्या साह्याने भात राखता येई. दूध, शिजलेला भात, भाजी यांची गोष्ट निराळी. त्यांचा वैरी उष्णता. सूक्ष्म जंतू ऊबेत झपाट्याने वाढतात आणि सकाळचे अन्न सायंकाळी आंबते. या दुसऱ्या वैऱ्याला आवरणारे कोठार मानवाला फार उशिरा सापडले. आज ते पापनाशमच्या घराघरांत, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गुरगुरत उभे असते. त्याला फ्रिज म्हणतात. ग्रांथिक मराठीत त्याला शीतकपाट असेही नाव आहे. वर बर्फाचा कप्पा आणि खाली मोठा कप्पा अशी त्याची सर्वपरिचित घडण आहे. ती तशी का झाली, हे समजले म्हणजे ते बिघडल्यावर काय पाहावे हेही बहुतांशी समजते.

यंत्र येण्यापूर्वी त्रिभुजप्रदेशातील गृहिणीने उष्णतेशी तडजोड केली होती. उरलेल्या भातात पाणी घालून तो रात्रभर मुरवावा आणि सकाळी ताकाबरोबर खावा, ही तिकडची जुनी रीत. मिरच्या ताकात मुरवून उन्हात वाळवाव्यात, तांदळाचे वडाम घालावेत, चिंचेच्या कोळात भात कालवून प्रवासाला न्यावा, हे सारे उपाय एकाच कुळातले. कोठे आंबट, कोठे खार, कोठे ऊन यांना कामाला लावून अन्न राखायचे. थंडी मात्र फक्त मातीच्या मडक्यात होती. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते पाणी मडक्यातील उष्णता शोषून घेते. म्हणून आतले पाणी गार होते. परंतु हवाच दमट असली की वाफ होणे मंदावते. देशावरच्या कोरड्या वैशाखात जो माठ दात शिवशिवतील इतके गार पाणी देतो, तोच कावेरीकाठच्या दमट हवेत निम्मे काम करतो. मडक्याची ही अडचण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण आधुनिक फ्रिजने नेमकी तीच दूर केली.

त्याआधी थंडी समुद्रमार्गे आली. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांतील बर्फाचे ठोकळे कापून १८३३ साली ‘टस्कनी’ नावाच्या जहाजातून कलकत्त्यास धाडले. निघताना १८० टन बर्फ होते. चार महिन्यांच्या प्रवासानंतर सुमारे १०० टन हाती लागले. दुसऱ्याच वर्षी मुंबईनेही अमेरिकेचे बर्फ पाहिले. जमशेटजी जीजीभाई यांनी मेजवानीत आइसक्रीम दिले आणि मागाहून त्यांना पडसे झाले, तेव्हा एका वृत्तपत्राने त्याची थट्टा केली, अशी आख्यायिका आहे. मद्रासेत १८४२ साली समुद्रकिनाऱ्यावर बर्फाचे गोदाम उभे राहिले. पुढे १८९७ साली स्वामी विवेकानंदांचा मुक्काम त्याच इमारतीत झाला आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

उष्ण कटिबंध ओलांडून बर्फ टिकले ते लाकडाच्या भुशामुळे. भुशात अडकलेली हवा उष्णतेला आत शिरू देत नाही. ट्यूडरच्या जहाजातील भुसा, पुढच्या काळातील बुचाचे तक्ते, काचेची लोकर आणि आजच्या फ्रिजच्या भिंतींत भरलेला कृत्रिम फेस ही एकाच वंशाची परंपरा आहे. याच काळात अमेरिकेतील घरांत बर्फाची पेटी रूढ झाली. ‘रेफ्रिजरेटर’ हे नाव तर मेरीलँडच्या टॉमस मूर याने १८०३ सालीच, लोणी बाजारात नेण्यासाठी केलेल्या आपल्या लाकडी पेटीला दिले होते. थंड हवा जड असते, ती खाली उतरते; म्हणून या पेट्यांत बर्फ सामान्यतः वरच्या कप्प्यात ठेवीत आणि अन्न खाली. बर्फाचा कप्पा वर असलेला फ्रिज आजही त्या पेटीचा वारस आहे.

स्वतः थंडी निर्माण करण्याची विद्या मात्र निराळ्या वाटेने आली. विल्यम कलन या स्कॉटिश वैद्याने अठराव्या शतकाच्या मध्यास ईथर हा द्रव निर्वात पात्रात उडू देऊन थंडी उत्पन्न करून दाखविली. जेकब पर्किन्स याने १८३४ साली लंडनमध्ये जे पेटंट घेतले त्यात आजच्या फ्रिजची सारी अंगे होती. ऑस्ट्रेलियातील जेम्स हॅरिसन याने १८५० नंतरच्या दशकात यंत्राने बर्फ काढले. जर्मनीच्या कार्ल फॉन लिंडे याने १८७० नंतर अमोनियावर चालणारी भरवशाची यंत्रे केली. भारतातील बंदरांत बर्फाचे कारखाने निघाले आणि अमेरिकेचे जहाजी बर्फ मागे पडले.

या सर्वांची युक्ती मडक्याचीच होती. फरक इतकाच की मडक्यातील वाफ हवेत निघून जाते, आणि यंत्रात ती पकडून पुन्हा द्रव केली जाते. फ्रिजच्या नळ्यांत सहज उकळणारा एक पदार्थ कोंडलेला असतो. वरच्या कप्प्यामागील नळ्यांत तो उकळतो आणि आतील उष्णता घेतो. तळाशी असलेला कॉम्प्रेसर ती वाफ ओढून दाबतो. दाबल्याने ती तापते. मागच्या जाळीतून, किंवा नव्या घडणीत बाजूच्या पत्र्यामागे दडविलेल्या नळ्यांतून, ती आपली उष्णता स्वयंपाकघरात सोडते आणि द्रव होते. मग केसासारख्या बारीक नळीतून दाब उतरून तो द्रव पुन्हा वर जातो. भोवतालची हवा दमट असो वा कोरडी, हे चक्र बंद नळीत चालते. त्यामुळे मडक्याला आषाढात जे साधत नाही ते यंत्राला साधते.

म्हणजे फ्रिज थंडी बनवीत नाही; आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. फ्रिजची कूस हाताला गरम लागली की अनेकजण घाबरतात. वस्तुतः ती ऊब कामाची खूण असते. उलट, कॉम्प्रेसर बराच वेळ घुमत आहे आणि कूस गार आहे, अशी स्थिती असेल तर नळीतील वायू निसटला असण्याचा, किंवा कॉम्प्रेसरच निकामी झाला असण्याचा संभव असतो.

त्या वायूचाही एक इतिहास आहे, आणि तो सावध करणारा आहे. १९२७ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीने डोक्यावर गोल यंत्र असलेला घरगुती फ्रिज बाजारात आणला आणि तो अमेरिकेत लाखांनी खपला. त्या काळच्या घरगुती फ्रिजांत सल्फर डायॉक्साइड किंवा मेथिल क्लोराइड यांसारखे विषारी वायू असत. गळतीने माणसे दगावली. बर्लिनमधील अशाच एका दुर्घटनेचे वृत्त वाचून अल्बर्ट आइन्स्टाइन आणि लिओ सिलार्ड यांनी हलते भाग नसलेला फ्रिज योजला, असे सांगितले जाते. १९३० साली त्यांना अमेरिकेत त्याचे पेटंट मिळाले. त्याच वर्षी टॉमस मिजली याने बिनविषारी, न पेटणारा फ्रिऑन वायू जगापुढे ठेवला आणि प्रश्न सुटला असे वाटले. परंतु १९७४ साली मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी दाखविले की हेच वायू वर चढून ओझोनच्या थराचा नाश करतात. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते टप्प्याटप्प्याने बंद झाले. भारत १९९२ साली त्या करारात सामील झाला. आज घरगुती फ्रिजांत बहुधा आयसोब्युटेन हा वायू असतो. तो ओझोनला अपाय करीत नाही, त्याचे प्रमाणही सामान्यतः शंभर ग्रॅमहून कमी असते. परंतु तो पेट घेतो. म्हणून नळी कापणे, जोडणे, वायू भरणे ही कामे जाणत्या मेकॅनिकचीच होत.

भारतात फ्रिज प्रथम आयात होत असे. १९५८ साली गोदरेज कंपनीने मुंबईत पहिला भारतीय बनावटीचा फ्रिज तयार केला. आरंभी एकदारी फ्रिजच होते. त्यांत बर्फाचा कप्पा आतच असे आणि साचलेले बर्फ घरच्यांनीच वितळवावे लागे. पुढे वेगळे वरचे दार असलेला, आपले बर्फ आपणच वितळविणारा दुदारी फ्रिज आला. वीज आणि पगार यांच्या मागोमाग हे कपाट त्रिभुजप्रदेशातही पोचले. इडलीचे पीठ एकदा वाटून चार दिवस वापरता येऊ लागले, दह्याचा आंबटपणा हवा तेथे थांबविता आला, मोगऱ्याचे गजरे दुसऱ्या दिवशीही टवटवीत राहू लागले. मधुमेह्याचे इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राखण्याचीही सोय झाली. आता फ्रिज बिघडला तर केवळ गैरसोय होत नाही. एखाद्याचे औषध वाया जाते.

दुदारी फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्यामागे एकच थंड नळ्यांची जाळी असते. एक छोटा पंखा तिच्यावरून हवा खेळवितो आणि त्या हवेचा काही भाग एका झडपेतून खालच्या कप्प्यात उतरतो. खालच्या कप्प्याला स्वतःची थंडी नाही. जे येते ते वरून. हे ध्यानी घेतले की सर्वांत नेहमीच्या तक्रारीचा उलगडा होतो. वर बर्फ गोठते आहे, पण खाली दूध नासते आहे, अशी स्थिती असेल तर कॉम्प्रेसर शाबूत आहे. वाट अडली आहे. कधी भरगच्च पिशव्यांनी हवेची छिद्रे झाकलेली असतात, कधी पंखा थांबलेला असतो, कधी झडप अडकते. आणि पुष्कळदा जाळीवर बर्फाची भिंत चढलेली असते.

ही भिंत चढते याचे कारण दमट हवा. दार उघडले की ओली हवा आत शिरते आणि जाळीवर हिम होऊन बसते. ठराविक तासांनी एक हीटर ते हिम वितळवितो, पाणी एका नळीवाटे कॉम्प्रेसरवरच्या ताटलीत उतरते आणि तेथील उष्णतेने उडून जाते. हीटर, त्याचा तापदर्शक किंवा वेळ राखणारा भाग यांपैकी एक निकामी झाला की हिम साचत राहते. परीक्षा सोपी आहे. अन्न दुसरीकडे हलवून, प्लग काढून, दोन्ही दारे सुमारे चोवीस तास उघडी ठेवावीत आणि तळाशी फडके घालावे. पुन्हा चालू केल्यावर खालचा कप्पा उत्तम गार झाला आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा ढिला पडला, तर दोष हिम वितळविण्याच्या व्यवस्थेत आहे. मेकॅनिकला हे एवढे सांगितले तरी वायू भरण्याचा नाहक खर्च टळतो. सुरीने किंवा स्क्रूड्रायव्हरने बर्फ खरवडणे मात्र कटाक्षाने टाळावे. आतील नळी भोसकली गेली तर फ्रिज कायमचा जाण्याची भीती असते.

दुसरी तक्रार भाजीच्या कप्प्याखाली पाणी साचण्याची. बहुधा पाणी उतरण्याची नळी अन्नकणांनी तुंबलेली असते. कोमट पाण्याने ती मोकळी होते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्या किनारपट्टीचा मुख्य पावसाळा. त्या दिवसांत फ्रिजच्या अंगावर बाहेरून घाम सुटला तर तो बिघाड समजू नये. दमट हवा गार पत्र्याला भेटल्याचा तो परिणाम असतो.

तिसरी तक्रार दोन्ही कप्पे कोमट राहण्याची. आधी दाराचे रबर पाहावे. एक नोट दारात धरून दार लावावे. ती अलगद निसटत असेल तर तेथून बाहेरची ऊब आत येत आहे. रबर धुऊन पुसावे, तरीही सैल राहिले तर बदलावे. मग मागची जाळी असेल तर तिच्यावरची धूळ, आणि फ्रिज भिंतीला खेटलेला आहे काय, हे पाहावे. उष्णतेला बाहेर पडायला जागाच नसेल तर कॉम्प्रेसर अहोरात्र राबून थकतो. गरम सांबाराचे पातेले आत ठेवणे म्हणजे त्याच्या माथी आणखी ओझे.

चौथी तक्रार ‘टिक्’ असा आवाज होऊन कॉम्प्रेसर सुरू न होण्याची. २३० व्होल्टच्या जागी १७०-१८० व्होल्ट मिळत असतील तर तो जोर धरू शकत नाही; रक्षक भाग त्याला तोडतो, काही मिनिटांनी तो पुन्हा धडपडतो. स्टॅबिलायझर लावावा. वीज जाऊन लगेच आली तर पाच मिनिटे थांबून फ्रिज चालू करावा, म्हणजे नळीतील दाब समान होतो. वीज पुरेशी असूनही आवाज होत राहिला तर चालना देणारा छोटा भाग तपासून घ्यावा. तो स्वस्त असतो आणि तो बिघडला म्हणून पुष्कळदा कॉम्प्रेसर बदलण्याचे घाटते. फ्रिजला हात लागून झटका बसत असेल तर मात्र काही न तपासता मुख्य बटण बंद करून इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग पाहून घ्यावे.

या सर्व परीक्षांहून भरवशाची परीक्षा थर्मामीटरची. पेलाभर पाण्यात तो बुडवून खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवावा. आकडा ४ अंशांच्या आसपास किंवा खाली असावा. वरच्या कप्प्यात उणे १८ अंश. हाताला गार लागणे आणि अन्न सुरक्षित असणे यांत अंतर आहे. १० अंशांचे दूध हाताला गारच लागते, पण जंतूंची वाढ त्यात चालू असते.

१६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गजा’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आदळले. नागपट्टिनम्, तिरुवारूर, तंजावर, पुदुक्कोट्टै या जिल्ह्यांत विजेचे खांब हजारोंनी कोसळले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी फ्रिजकडे उष्णता उपसण्याचे बळ उरत नाही. उरते ते केवळ भिंतींतील आवरण, जे ट्यूडरच्या जहाजातही होते. दार न उघडल्यास खालचा कप्पा सुमारे चार तास, आणि गच्च भरलेला बर्फाचा कप्पा सुमारे अठ्ठेचाळीस तास अन्न राखतो. त्यानंतर दूध, मांस, शिजलेले अन्न यांचा मोह सोडावा आणि इन्सुलिनविषयी वैद्याला विचारावे. पापनाशमच्या घरांत अशा दिवसांसाठी भात, डाळ, चिंच, लोणचे आणि वाळविलेल्या मिरच्या कोरड्या फळीवर आजही असतात. नायकांचे विटांचे कोठार आता पुराणवस्तू म्हणून जपले जाते. त्याची रीत मात्र फ्रिजशेजारच्या त्या फळीवर चालू आहे.